‘ळ’ नसलेली अक्षरपाटी

फक्त माझे पैसे गेले असते तर मी दोन दिवस हळहळले असते आणि विसरलेही असते. पण माझ्या शब्दावर आठ आयांनी पैसे भरले, तेही गेले. ते परत मिळवण्याच्या नादात माझ्या खात्यातून आणखी १२,४९१ रुपये गेले. त्याहूनही जिवाला लागलेली एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते. दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडू नये, एवढ्याचसाठी सगळं लिहिते आहे.

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. घरी पहिली ते चौथीच्या मुलांची शिकवणी घेते. भाऊ बंगळुरूला असतो. त्याची मुलगी पाच वर्षांची होणार होती. तिच्या शाळेत मराठीचा गंध नाही, घरी कानावर पडेल तेवढंच. वाढदिवसाला तिला असं काही द्यावं की अक्षरं हाताने उचलता येतील, हे बरेच दिवस मनात होतं. त्याच सुमारास मोबाईलवर एक जाहिरात दिसू लागली. लाकडी पाटी, तिच्यात खाचा, खाचांमध्ये बसणारी रंगीत मराठी अक्षरं, आणि वरच्या पट्टीवर मुलाचं नाव कोरलेलं. व्हिडिओत एक छोटी मुलगी ‘अ अननसाचा’ म्हणत अक्षर उचलते, ते हातातून निसटून खाली पडतं आणि ती खुदकन हसते. टेबलाचा कोपरा उडालेला, मागे निळा पडदा. कुणाच्या तरी घरातच काढलेला वाटावा असा व्हिडिओ. खाली लिहिलं होतं, ‘एका नागपूरकर आईचं छोटंसं दुकान’ आणि पत्ता इतवारीचा.

एरवी मी बर्डीवर जाऊन, वस्तू हातात घेऊन, उलटसुलट बघून घेणारी बाई. पण आपल्याच गावातली कुणीतरी घर सांभाळून धंदा उभा करते आहे, म्हटल्यावर तिच्याकडूनच घ्यावंसं वाटलं.

किंमत १,४९९ रुपये. वस्तू आल्यावर पैसे दिले तर चालतील का, विचारलं. लगेच उत्तर आलं, ‘ताई, नाव कोरायचं असतं ना, म्हणून पैसे आधी घ्यावे लागतात. आणि नाव कोरलेली वस्तू परत घेता येत नाही.’ मला ते पटलं. कुणालाही पटेल, कारण नाव कोरणारा खरा कारागीरही हेच म्हणतो. फसवणाऱ्याला यातून दोन्ही गोष्टी आयत्या मिळतात: पैसे आधी हातात येतात आणि परतीची वाट बंद होते. आमच्या दाराची पाटी ज्यांनी केली त्यांनी निम्मे पैसे आधी घेतले होते, कोरून झाल्यावर फोटो पाठवला होता आणि मग उरलेले घेतले होते. मी हे स्वतः अनुभवलेलं होतं. त्या दिवशी ते आठवलं नाही.

नाव कोरण्यासाठी एक फॉर्म भरायचा होता. मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळेचं नाव आणि एक फोटो. ‘नावाशेजारी फोटोही छापू.’ मी सगळं भरलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: तुमच्यासारख्या आठ आयांनी मागवलं तर तुमचे हजार रुपये परत, तुम्हाला पाटी ४९९ ला पडेल. मी शिकवणीच्या पालकांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली आणि वर स्वतःचं वाक्य लिहिलं, ‘मी मागवली आहे, खूप छान आहे.’ वस्तू अजून माझ्या हातातही आली नव्हती. तरी मी ‘खूप छान आहे’ लिहिलं. त्या आया जाहिरातीला भुलल्या नाहीत. त्यांनी माझ्या नावावर पैसे भरले. संध्याकाळपर्यंत आठ जणींनी मागवलं आणि रात्री माझ्या खात्यात खरंच हजार रुपये जमा झाले. तेवढ्याने माझा उरलासुरला संशयही गेला. आता हिशोब करते तर दिसतं, हजार रुपये देऊन त्यांनी ११,९९२ उचलले.

एकोणीस दिवसांनी पाकीट आलं. फ्रॉकबरोबर बांधून मीच बंगळुरूला पाठवणार होते, म्हणून माझ्याच पत्त्यावर मागवलं होतं. लाकूड म्हणजे लाकडाच्या रेषा छापलेला पुठ्ठा. नाव कोरलेलं नव्हतं, कागदावर छापून चिकटवलेलं होतं. अक्षरं पातळ प्लास्टिकची, उग्र वासाची. शिकवणीची मुलं भोवती जमली आणि सगळी अक्षरं सतरंजीवर मांडू लागली. तिसरीतल्या एका मुलाने बोट फिरवत फिरवत विचारलं, ‘मॅडम, ळ कुठे आहे?’

ळ नव्हताच. ती हिंदीची वर्णमाला होती. मराठी पाटी म्हणून आम्हाला तीच विकली. माझ्या माहेरच्या आडनावात ळ आहे, म्हणजे ज्या पोरीसाठी मागवली तिला त्या पाटीवर स्वतःचं आडनावही लावता आलं नसतं. एका मुलाचा हात घामाने ओला होता, लाल ‘क’ उचलला तर बोटांना रंग लागला. मी सगळं उचलून माळ्यावर टाकलं. लहान मूल हातातलं आधी तोंडातच घालतं.

त्यानंतर मी वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला म्हणून रीतसर नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आणि कशासाठीचा, ते दिसतं. आमच्या पाकिटावर चिन्ह नव्हतं, क्रमांक नव्हता, बनवणाऱ्याचं नावही नव्हतं.

मेसेज केले. पहिले दोन दिवस ‘बघतो ताई, गोदामात चूक झाली असेल’ असं उत्तर आलं, मग काहीच नाही. पत्ता आपल्याच गावातला होता, म्हणून शनिवारी इतवारीत गेले. शहीद चौकातून आत शिरून विचारत विचारत त्या क्रमांकापर्यंत पोचले. ते भांड्यांचं दुकान निघालं. गल्ल्यावर बसलेल्या काकांना मोबाईलवरची जाहिरात दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘बाई, या महिन्यात तुम्ही चौथ्या. लोकं हाच पत्ता घेऊन येऊन राहिले. आमचं वडिलांपासून भांड्याचंच दुकान हाय.’ मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्या माणसाचाही काही दोष नसताना कुणी ना कुणी त्याच्या दारात येऊन भांडतं आहे.

घरी येऊन रागाच्या भरात मी मेसेज लिहिला, ‘आमचे नऊ जणींचे १२,४९१ रुपये आजच परत करा, नाहीतर मी पोलिसांत जाते.’ आठ जणींचे ११,९९२ आणि माझे ४९९. पुढे कळलं की हा आकडा मीच त्यांच्या हातात दिला.

सोमवारी दुपारी साडेचारला फोन आला. समोर मुलं पाढे म्हणत होती. फोनवरचा मुलगा स्वच्छ मराठीत, नम्रपणे बोलत होता. ‘ताई, चूक आमचीच आहे. सगळ्यांचे १२,४९१ एकदमच तुमच्या खात्यात टाकतो, तुम्ही वाटून द्या. कोड पाठवलाय, दुसऱ्या फोनवर उघडा आणि तुमच्या फोनने स्कॅन करा.’ मी शिकवणीच्या टॅबवर कोड उघडला आणि स्कॅन केला. स्क्रीनवर रक्कम आपोआप आली, १२,४९१. रुपयाचाही फरक नाही. माझ्या मनातला आकडा समोर दिसल्यावर ‘हे आपले पैसे आले’ एवढंच डोक्यात आलं. खालच्या बटणावर पैसे देण्याचा शब्द होता, तो मी वाचलाच नाही. पिन टाकला.

पैसे गेले. तो म्हणाला, ‘ताई, एन्ट्री उलटी पडली, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून परत येतील.’ खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्यांदा गेले नाहीत.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. कोड स्कॅन करून पिन टाकणं म्हणजे पैसे देणं. आपल्या आईवडिलांना, सासूसासऱ्यांना, दहावी-बारावीच्या मुलांना हे एवढं तरी पाठ करायला लावा.

आणि यापुढची चूक सगळ्यात महागात पडली. दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. जेवताना घास घशाखाली उतरत नव्हता, तरी तोंड उघडलं नाही. चौथी पास न झालेल्या मुलांना समजावून सांगणारी मी, मला हे कळू नये, ही लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी यांनीच विचारलं तेव्हा रडले आणि सगळं सांगितलं. यांनी तिथल्या तिथे १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक विचारून घेतात, तक्रारीचा क्रमांक देतात. मग पैसे ज्या खात्यात गेले ते थांबवायला त्या बँकेला कळवलं जातं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. माझ्या १२,४९१ पैकी एका खात्यात उरलेले २,१०० तेवढे अडकवता आले. ते अजून हातात आलेले नाहीत.

बँकेतही गेले. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

नुसती वस्तू खराब निघाली असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण तक्रार करायची कुणावर? नाव खोटं, पत्ता भांड्यांच्या दुकानाचा. त्यांच्या पानावर जीएसटी क्रमांक होता, तो मी जीएसटीच्या साईटवर टाकून बघितला. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, यांचा ०७ ने, म्हणजे दिल्लीचा, तोही दुसऱ्याच धंद्याचा आणि रद्द झालेला. हे बघायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. घरून लाडू, तोरणं, गोधड्या विकणाऱ्या अनेक प्रामाणिक बायकांकडे जीएसटी नसतो, त्यात काही गैर नाही. क्रमांक नसणं वेगळं, दुसऱ्याचा क्रमांक लावणं वेगळं. ऑनलाईन विकणाऱ्याने खरं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यायलाच हवं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत हे स्पष्ट आहे. बचत गटाच्या बायका मला विचारतात की आमच्यावर लोक आता विश्वास का ठेवत नाहीत, तेव्हा फार वाईट वाटतं.

आठही आयांना मी शिकवणीच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. पैसे परत घ्या म्हटलं. पाच जणींनी घेतले, तिघींनी घेतले नाहीत. एक जण म्हणाली, ‘ताई, पैशाचं जाऊ द्या हो, पण फोटो?’

तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नऊ मुलांची नावं, जन्मतारखा, शाळा आणि फोटो आम्ही स्वतःच्या हाताने भरून दिले होते. पंधरा दिवसांतच तीन घरी फोन आले. ‘तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती परीक्षेसाठी निवड झाली आहे, नोंदणीचे ५५० रुपये आजच भरा.’ मुलाचं नाव बरोबर, शाळा बरोबर. यादी त्याच दुकानातून गेली, हे कशावरून? एका आईने फॉर्म भरताना घाईत मुलाची जन्मतारीख एक दिवसाने चुकवली होती. फोनवरच्या माणसाने तीच चुकलेली तारीख वाचून दाखवली. त्या बाईच्या अंगावर काटा आला, मलाही ऐकताना आला. तिघींपैकी कुणीच पैसे भरले नाहीत, पण ते फोटो कुठे कुठे फिरत आहेत, हे आता कुणाला विचारायचं?

भाचीला शेवटी पुठ्ठ्याची अक्षरं मीच कापून, रंगवून पाठवली. ळ दोन कापले, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून.

काल रात्री मोबाईलवर पुन्हा ती जाहिरात दिसली. तोच उडालेला टेबलाचा कोपरा, तोच निळा पडदा, तीच छोटी ‘अ अननसाचा’ म्हणते, अक्षर पडतं आणि हसते. दुकानाचं नाव वेगळं आहे. खाली लिहिलंय ‘एका पुणेकर आईचं छोटंसं दुकान’, पत्ता शनिवार पेठेचा. मी स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडला आहे. किंमत आता १,२९९ आहे आणि नाव कोरायचं असल्यामुळे पैसे आधीच मागतात.