कवटी दिसत नव्हती, तेव्हाच कळायला हवं होतं

४८५ डॉलर. ४२० मूर्तीचे, ६५ पाठवणीचे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आजवर कुणी विचारलं की ‘गेले थोडेफार’ म्हणून वेळ मारून नेत होतो.

१९७९ च्या ‘एलियन’ सिनेमातला प्राणी. एक चतुर्थांश आकाराची रेझिनची मूर्ती, लिमिटेड एडिशन, ‘एकदाच बॉक्समधून काढलेली’. जुन्या मालाचे असले ऑनलाइन सौदे कसे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं, तीच तर बोच आहे. हा प्राणी रचणारा चित्रकार गीगर, त्याच्या त्या लांबोळक्या डोक्यावर अर्धपारदर्शक घुमट असतो आणि त्याच्या आत पुढच्या बाजूला माणसाची कवटी. १९८६ च्या दुसऱ्या भागात दिग्दर्शक कॅमेरॉनने घुमट काढून कंगोऱ्यांचं डोकं उघडं ठेवलं. हे सगळं मी कुणी न विचारता लोकांना ऐकवत असतो.

आणि विकणाऱ्याच्या सातही फोटोंत घुमट डांबरासारखा काळाकुट्ट! एकात तर त्यावर खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसत होतं, आत मात्र काहीच नाही. मी विचारलं, कवटी कुठाय? उत्तर आलं, “सिनेमात तरी कुठे दिसते?”

मी मूर्ख, खूश झालो. कारण ते खरं आहे. पहिल्या भागाचा दिग्दर्शक रिडली स्कॉट, त्याने तो प्राणी अंधारात, तुकड्यातुकड्यांनी दाखवलाय. कवटी पडद्यावर जवळजवळ कळतच नाही. वाटलं, चला, जाणकार भेटला. अरे, पण सिनेमात दिसत नाही ते दिवा लावून, चहूबाजूंनी बघायला मिळावं म्हणूनच तर मूर्ती घेतात! केनर या खेळण्यांच्या कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या १८ इंची खेळण्यातसुद्धा कवटी होती. खेळण्यात!

(घुमटामागे टॉर्च धरून काढलेला फोटो मागा. नाही म्हणाला तर तिथेच थांबा.)

पार्सल आलं. जाहिरातीत उंची ६० सेंटीमीटर, टेपने मोजली तर ५८.५. अस्सल मूर्तीवरून साचा काढून ओतलेली नक्कल अशीच किंचित आखडते. बरगड्यांचे कंगोरे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत. तोंडाच्या आतल्या दुसऱ्या जबड्याचे दात वेगळे नाहीतच, एक सलग पट्टी. घुमटावर नख ओढलं तर काळा रंग निघाला आणि खाली भरीव रेझिन.

दोष माझा एकट्याचा नाही. विकणाऱ्याच्या खात्यावर चांगले शेरे होते, नंबर घातलेल्या सर्टिफिकेटचा फोटोही होता. हो, पेमेंट कंपनीची १८ डॉलर फी वाचवायला ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायाने पैसे पाठवले, ते मात्र माझंच कर्म. तो पर्याय सुचवणाऱ्याशी व्यवहार करूच नका.

पेमेंट कंपनी म्हणाली, या पर्यायाला संरक्षण नाही. विक्रीची साइट म्हणाली, पैसे आमच्यामार्फत गेले नाहीत. मूर्ती बनवणारी कंपनी म्हणाली, जुन्या मालाशी आमचा संबंध नाही. सर्टिफिकेटचा नंबर खरा की खोटा एवढं तरी सांगा म्हटलं, तर तेही नाही. सायबर पोलिसांकडे दोन तास बसवून घेतलं आणि साहेबांनी विचारलं, “पण बाहुली मिळाली ना तुम्हाला?” नक्कल म्हणजे काय हे समजावताना मागच्या बाकावरचे दोघे हसत होते. बारा दिवसांनी मेसेज आला: तक्रार निकाली.

काल तीच मूर्ती पुन्हा विक्रीला लागली. सात फोटो तेच, खिडकीही तीच. किंमत ४५०.