हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’: जुन्या तबकड्या की नवं मिक्स?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा खालच्या कपाटात दादाची तीन तबकड्यांची पेटी होती. पाणी ओसरल्यावर बघितलं तर पुठ्ठ्याचा लगदा झालेला. बागेत बसलेला जॉर्ज हॅरिसन आणि त्याच्या भोवतीचे चार बुटके पुतळे, सगळं चिखलात एक झालं होतं. तबकड्या मात्र वाचल्या. साध्या पाण्यात बुडवून, मऊ फडक्यानं, रेघांच्या दिशेनं हळूहळू पुसल्या. पहिल्या दोन आजही वाजतात. तिसरी नुसती करकरते, पण तिचं मला फारसं वाईट वाटलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

दादा आता नाही. गेल्या दिवाळीत भाचा हाच आल्बम घेऊन आला, २०२१ मध्ये निघालेल्या नव्या मिक्सचा, म्हणजे त्याच जुन्या रेकॉर्डिंगमधला गळा आणि वाद्यं यांचं प्रमाण नव्यानं जुळवलेला. ऑनलाइन मागवलेला, एक तबकडी वाकलेली निघाली, ती बदलून मिळायला तीन आठवडे गेले. मग एका रविवारी पेटीच्या क्लासच्या खोलीत आम्ही चौघं बसलो: मी, भाचा, माझी बारावीतली एक विद्यार्थिनी आणि मिरजेचे चाचा. चाचांचं सगळं आयुष्य तंबोऱ्याच्या घोड्या घासण्यात गेलंय. प्रत्येक गाणं आधी जुन्या तबकडीवर, मग नव्या.

आल्बम नोव्हेंबर १९७० चा. बीटल्स या इंग्लिश ग्रुपमध्ये गिटार वाजवत असताना हॅरिसनच्या वाट्याला एका तबकडीवर एखाद-दोन गाणी यायची, बाकीची साठत गेली. शीर्षकगीताची तर जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सबरोबर तालीमही झाली होती, पण ते तसंच राहिलं. ग्रुप फुटला आणि ही सगळी साठवण एकदम बाहेर आली. पहिल्या दोन तबकड्यांवर अठरा गाणी आहेत. हे रेकॉर्डिंग चालू असतानाच, १९७० च्या जुलैत, त्याची आई गेली. हे कळल्यापासून ‘हिअर मी लॉर्ड’ मला वेगळं ऐकू येतं.

आमचा वाद झाला तो आवाजावर. हॅरिसनबरोबरचा निर्माता फिल स्पेक्टर. एका गिटारीच्या जागी चार गिटारी, त्यावर पियानो, ऑर्गन, ब्रास आणि सगळ्यावर मोठा घुमारा, ही त्याची पद्धत. ‘आयझन्ट इट अ पिटी’ची जुनी तबकडी लावली. चाचा डोळे मिटून बसले होते. गाणं सात मिनिटांचं. संपल्यावर म्हणाले, “ताई, गळा चांगला आहे याचा, पण जवारी बंद आहे.” मग नवं मिक्स लावलं. पहिल्याच ओळीला त्यांनी डोळे उघडले. “आता दोरा बरोबर बसला.”

ज्यांनी जवारी लावताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तार घोडीवरून जाते तिथे तिच्याखाली सुताचा दोरा सरकवतात. केसभर पुढेमागे झाला तर तंबोरा मुका वाटतो आणि नेमक्या जागी आला की त्याच तारेतून स्वर फुलून बाहेर पडतो. तार बदललेली नसते. नव्या मिक्समध्ये अगदी हेच झालंय. वाद्यं तीच आहेत, पण गळा पुढे आलाय. श्वास ऐकू येतो, शब्दाच्या शेवटी आवाज किंचित थरथरतो तेही कळतं. खुद्द हॅरिसननं २००१ च्या आवृत्तीत लिहिलं होतं की काही गाणी त्या मोठ्या सजावटीतून मोकळी करावीशी वाटतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. पुढे त्याचा मुलगा धनी आणि ध्वनी-अभियंता पॉल हिक्स यांनी ते काम केलं. ‘वाह-वाह’ मात्र नव्यातही गर्दीतच अडकलंय. तिथे अजून हात चालवायला हवा होता.

‘माय स्वीट लॉर्ड’ला माझी विद्यार्थिनी ताठ बसली. “ताई, हे तर ‘गुरुर्ब्रह्मा’!” हालेलुया म्हणता म्हणता मागचा कोरस हरे कृष्णवर येतो, आणि पुढे अख्खा गुरुश्लोक आहे. माझ्या मते हे भजनच आहे, भजनासारखं, टाळी धरूनच ऐकावं. चाल उचलल्याचा खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयानं ‘नकळत केलेली उचल’ ठरवली, तेही खरं. आमच्याकडे एका चालीवर चार अभंग म्हणतात, त्यामुळे माझं मन त्यात अडकत नाही. माझं मन अडकतं त्याच्या स्लाइड गिटारीत, म्हणजे तारेवर नळी घासत स्वर सरकवण्यात. सतार शिकायला रविशंकरांकडे बसलेला माणूस आहे हा. ती मींड तिथूनच आली असणार.

भाच्याला नवं मिक्स पटलं नाही. “आत्या, बाबा लावायचे तेव्हा तो आवाज लांबून, धुक्यातून यायचा. मला तोच पाहिजे.” मी वाद घातला नाही. पुरातून वाचलेल्या दोन्ही तबकड्या त्याला देऊन टाकल्या.

तिसरी तबकडी म्हणजे ‘ॲपल जॅम’. मोठे वादक जमून मजेत वाजवताहेत, बस्स. मैफल संपल्यावर वादक एकमेकांत वाजवत बसतात, तसं. तिथे हजर असणाऱ्याला आनंद, आपल्याला एकदा ऐकून पुरे.

नवीन घेणाऱ्यानं २०२१ चंच घ्यावं. आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं सुरुवात तिसऱ्या बाजूनं, म्हणजे दुसऱ्या तबकडीच्या पहिल्या बाजूनं करावी. ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’नं ती उघडते. त्याची चाल पेटीवर धरायला गेले तर दोनदा थांबून स्वर शोधावे लागले, इतकी ती अनपेक्षित वळते. त्याच बाजूच्या शेवटी शीर्षकगीत आहे. ते संपलं की सुई उचलायची घाई करू नका.