तीन बॉलवालं स्पायरोमीटर: पाच महिने वापरल्यानंतर

बाबांच्या बायपासनंतर औषधांच्या पिशवीतून फुप्फुसांच्या व्यायामाचं हे यंत्र घरी आलं. प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत बॉल, बाजूला तोंडात धरायची पन्हळी नळी. तीनशेच्या आसपास पडलं. नळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे आहेत. मी ते मिलिलिटर समजत होतो. ते आहेत सेकंदाला इतके मिलिलिटर. म्हणजे हवा किती गेली हे यंत्र सांगतच नाही, किती वेगाने गेली ते सांगतं. आमचा पहिला महिना या गैरसमजात गेला.

पहिल्या दिवशी बाबांनी फुंकलं. बॉल ढिम्म. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काका, फुंकायचं नाही, शहाळ्याचं पाणी ओढतो तसं ओढायचं." बाबांनी ते शब्दशः घेतलं आणि गाल आत घेऊन चोखलं. बॉल टुणकन वर, लगेच खाली. छाती जागची हललीसुद्धा नव्हती! तोंडातला दाब उतरला, बॉलला तेवढं पुरलं, फुप्फुसांच्या वाट्याला काही आलं नाही.

मग मॅडमनी बाबांचाच हात बाबांच्या पोटावर ठेवला. "हा हात पुढे आला पाहिजे." श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात, आत जागा वाढते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपणहून शिरते. बॉइलचा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता, तो बाबांच्या बनियनखाली भेटला. पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजला तर बाहेरच्या हवेचा दाब हजार सेंटिमीटरहून जास्त, आणि साध्या श्वासाला आतला दाब त्याहून जेमतेम १ सेंटिमीटर कमी झाला तरी अर्धा लिटर हवा आत येते. बॉलही असाच चढतो. वरचा दाब उतरला की खालची हवा त्याला उचलते. श्वास सोडताना तर काहीच करायचं नसतं, ताणलेलं फुप्फुस स्वतःच आवळतं.

छातीचं हाड कापून तारेने बांधलेलं, त्यामुळे दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश मिटायला लागतात आणि कफ साचतो. ते उघडायला सावकाश, खोल श्वास लागतो. इथे हे यंत्र फसवतं. तिन्ही बॉल अर्ध्या सेकंदात उडवले तरी हवा जाते साधारण ६०० मिलिलिटर. एकच बॉल तीन सेकंद टिकवला तर १८००. आमच्याकडे नातू एका झटक्यात तिन्ही उडवून टाळ्या मिळवायचा आणि बाबा ईर्ष्येने तसंच करायला जायचे, वर यंत्र थोडं तिरकं धरायचे. तिरकं धरलं की बॉल हलक्याने चढतात, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. आरामखुर्चीत रेलूनही नको, पोट श्वासपटलाला वर दाबतं. खाटेच्या कडेला ताठ बसायचं. लागोपाठ केलं तर गरगरतं, मध्ये साधे श्वास घ्यावेत.

तक्रारी दोन. आत ओल राहिली की मधला बॉल चिकटतो, मग टिचकी मारावी लागते. आणि तिसऱ्या महिन्यात पन्हळी नळी सांध्याशी तडकली. तिथून हवा आत यायला लागली आणि बॉल चढेनात. बाबांना वाटलं आपलीच तब्येत उतरली, दोन दिवस जेवणावरून मन उडालं होतं त्यांचं. सुटी नळी मिळाली नाही, चिकटपट्टीवर चाललंय. पुन्हा घ्यायची वेळ आली तर थेट मिलिलिटर दाखवणारं, पिस्टनवालं घेईन.

पाचपैकी साडेतीन.