स्वयंपाकघरातल्या कपाटांचं आतलं फिनिश: मेलामाइन, लॅमिनेट, पेंट की पॉलिश?

शटरचा रंग ठरवायला लोक महिना घालवतात आणि आतल्या बाजूचा प्रश्न आला की "काहीही चालेल, कोण बघतंय" म्हणून मोकळे होतात. खरं तर हात रोज लागतो तो आतच. भांडी सरकवताना ओरखडे पडतात ते आतच, सांडलेलं आतच पुसावं लागतं आणि वास कोंडतो तोही आतच. त्यामुळे इथे दिसण्यापेक्षा तीन गोष्टी तपासायच्या: पुसलं जातं का, वास राहतो का आणि कडा बंद आहेत का.

कपाटं कारखान्यातून तयार येणार असतील तर बहुतेक वेळा समोर मेलामाइनचा बोर्ड येईल. राळेत भिजवलेला एकच छापील कागद पार्टिकल बोर्डवर (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेली फळी) किंवा एमडीएफवर (तशीच, पण लाकडाच्या बारीक तंतूंची फळी) थेट दाबून बसवलेला असतो. पृष्ठभाग कडक, वास जवळपास नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ. कोरड्या सामानाच्या कपाटांना याहून जास्त काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखणं आहे ते आतल्या बोर्डाचं. कडेने पाणी शिरलं की पार्टिकल बोर्ड फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही.

लॅमिनेट म्हणजे राळेत मुरवलेल्या कागदांचे अनेक थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेला पत्रा. तो वेगळा आणून प्लायवर चिकटवतात. मेलामाइनपेक्षा जाड, त्यामुळे जड पातेली ओढली-सरकवली तरी जास्त टिकतो. आतल्या बाजूला साधारण 0.8 मिमीचा पातळ पत्राही पुरतो; बाहेरचा 1 मिमीचा आत लावायची गरज नाही. मात्र फळीच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावून दुसरी कोरी सोडू देऊ नका. दोन्ही बाजू हवेतला ओलावा सारखा घेत नाहीत आणि फळी बाक धरते. सिंकखालच्या कपाटासाठी मी निःशंकपणे हेच निवडेन, तेही पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर.

पेंटचा मोह जुनी कपाटं नव्याने करताना होतो. स्वस्त पडतो, हवा तो रंग मिळतो. पण तेलावर आधारलेला पांढरा पेंट उजेड नसेल तिथे लवकर पिवळा पडतो. म्हणजे बाहेरून पांढरं आणि आतून पिवळट असं कपाट व्हायचं. भिंतीचा साधा इमल्शनही इथे कामाचा नाही. त्यावर ठेवलेली वस्तू चिकटते आणि उचलताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. पाण्यावर आधारलेलं, फर्निचरसाठीचं इनॅमल घ्या, मॅटऐवजी थोडी चकाकी असलेलं. आणि थांबा. हाताला कोरडं लागलं म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं. पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जाऊ शकतात, तोवर जड सामान आत नको.

लाकूड किंवा चांगल्या पृष्ठावरणाचा (वर खऱ्या लाकडाचा पातळ थर म्हणजे व्हेनियर असलेला) प्लाय असेल तर पारदर्शक फिनिश शोभून दिसतं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या वासाच्या. जवसासारखी तेलं किंवा तेलाचं व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेत घेत वाळतं. बंद कपाटात हवा खेळत नाही, म्हणून वास महिनोन्महिने जात नाही आणि खाण्याच्या जिन्नसांना लागतो. बाहेरून तेल लावलंत तरी आत लावू नका. लाखेचं पॉलिश पटकन वाळतं, वास सोडत नाही, उलट जुन्या लाकडाचा वास दाबून टाकतं. मात्र स्पिरिट, गरम भांडं आणि अमोनिया असलेलं क्लीनर त्याला सोसत नाही, म्हणून चमचे-काट्यांच्या ड्रॉवरला ठीक, ओल्या जागी नाही. सगळीकडे चालेल असं एकच हवं असेल तर पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेन: वास कमी, आणि तेलाच्या प्रकारासारखं ते पिवळंही पडत नाही. शंका असेल तर नमुन्याच्या तुकड्यावर फिनिश लावून, वाळल्यावर झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बंद ठेवा आणि झाकण उघडून वास घ्या.

रंग फिकट ठेवा. गडद आतली बाजू चित्रात छान दिसते, पण खोल कपाटात मागची वस्तू सापडत नाही. (आत दिवे बसवणार असाल तर गोष्ट वेगळी.)

कडांबद्दल मात्र तडजोड नको. बोर्डाच्या उघड्या कडांतून पाणी आत जातं आणि बोर्डातल्या गोंदातला फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू तिथूनच जास्त बाहेर येतो. चारही कडांना पट्टी लावा, फक्त समोर दिसणाऱ्या कडेला नव्हे. बोर्ड कमी उत्सर्जनाचा आहे का, म्हणजे निदान ई1 दर्जाचा, हे आधी विचारा.

पेंट किंवा पॉलिश करणार असाल तर फळ्या जोडण्याआधी सपाट ठेवून करून घ्या. तयार खोक्याच्या कोपऱ्यात ब्रश नीट जात नाही आणि स्प्रे उलटा अंगावर येतो. पाइपसाठी पाडलेली भोकं मात्र सगळं बसल्यावर पाहायची: त्यांच्या कडा कोऱ्या राहिल्या असतील तर सिलिकॉन भरून मगच प्लंबरला पाणी सुरू करायला सांगा.