जंगलजेटी: चार खाड्या आणि तिथीचा हिशेब

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे धोपावे दिसतं. पाण्यावरून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा वळसा, म्हणजे घाटवळणं धरून साडेतीन-चार तास. कार चढवता येणाऱ्या या बोटीला किनाऱ्यावर सगळे जंगलजेटी म्हणतात. जंगलाचा तिच्याशी काही संबंध नाही. केरळात अशा बोटीला जंकार म्हणतात, तोच शब्द इकडे येताना घासला गेला असावा.

अलिबागहून रत्नागिरीपर्यंत समुद्र धरून उतरताना अशा चार जंगलजेट्या लागतात: राजपुरी खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडला–वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ–जयगड. कोकण किनाऱ्यावर पर्यटकाला मिळणारी सगळ्यात उपयोगी सेवा हीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ती वापरायची कशी हे माहीत नसेल तर बंपर तरी जातो, नाहीतर सूर्यास्त तरी.

आधी या खाड्या इतक्या का, ते. सह्याद्रीची धार समुद्रापासून साधारण चाळीस ते साठ किलोमीटरवर. नद्या तिथून उतरतात आणि एका दिवसाच्या वाटेत समुद्र गाठतात. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, उतार तीव्र, त्यामुळे गोदावरी-कृष्णेसारखे त्रिभुज प्रदेश इथे नाहीत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली तेव्हा या नद्यांच्या मुखाकडच्या दऱ्या बुडाल्या, आणि त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आपल्या खाड्या. म्हणूनच दाभोळला शिरलेली भरती पार चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत चढते आणि एके काळी मालाची गलबतं तिथवर जात. कोकणाची जुनी वाहतूक अशी पूर्व-पश्चिम: घाटमाथ्यावरून बंदरात आणि बंदरातून घाटमाथ्यावर. उत्तर-दक्षिण जाण्याचा हट्ट आपला, मोटारवाल्यांचा. त्या हट्टाला प्रत्येक खाडी आडवी येते.

दोन खाड्यांच्या मध्ये सडा. काळ्या कातळावर जांभ्याचं सपाट झाकण, वर गवत आणि करवंदाच्या जाळ्या, कडेला आंब्याच्या बागा. रस्ता खाडीतून सड्यावर चढतो, थोडा सरळ धावतो आणि पुन्हा वळणं घेत पुढच्या खाडीत उतरतो. नकाशावरच्या तीस किलोमीटरला तास-सव्वा तास लागतो तो यामुळे. किनाऱ्याच्या रस्त्याला ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच धरा. मोबाइलवरचा नकाशा याहून कमी वेळ दाखवत असेल तर त्याने जेटीवर थांबण्याचा वेळ मोजलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, धक्क्याचा उतार. बोट येते, लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर टेकते आणि गाड्या चढतात. पाणी भरलेलं असेल तर फळी जवळजवळ सपाट बसते. ओहोटीला बोट खाली गेलेली असते, उताराचा एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळ आणि गाळ धरलेला भाग उघडा पडतो आणि फळी व उतार यांच्यात कोन तयार होतो. लांब बोनेटच्या सेदान गाड्या नेमक्या तिथे घासतात. चढताना पुढचा बंपर जातो, उतरताना मागचा. डिकी भरलेली असेल तर मागचा नक्कीच.

यावर उपाय कोळीवाड्यातला, आणि तो फुकट आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे नऊच्या सुमारास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गाडी चढवायला एवढा अंदाज पुरतो. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी सोपी गेलेली जेटी या रविवारी तशीच असेल असं नाही.

याच हिशेबातून एक कुचकी गोष्ट बाहेर येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यात वर आणि ओहोटी सगळ्यात खाली. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. जेव्हा सगळे फिरून परत निघतात, नेमकी तेव्हाच फळी सगळ्यात जास्त वाकडी. उलट अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, कधीही जा. उंची कमी असलेली गाडी असेल तर सुट्टी ठरवताना हॉटेलच्या आधी कालनिर्णय बघा.

चढवण्याची पद्धत अशी. चालक सोडून सगळे खाली उतरतात. गाडी हलकी होते, चार बोटं वर उचलली जाते आणि एवढ्यानेच बरेचदा घासणं टळतं. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, वेग माणसाच्या चालीचा. कोन जास्त वाटला तर किंचित तिरकं घ्या, म्हणजे दोन्ही चाकं एकदम न चढता एकामागून एक चढतात. मध्येच थांबून पुन्हा रेस दिली तर शेवाळावर चाक फिरतं आणि गाडी मागे घसरते. फळीवर चढायला सुरुवात केली की थांबायचं नाही. खलाशी हाताने दिशा दाखवतो, लक्ष त्याच्याकडे ठेवा, शेजारी उभ्या मेव्हण्याकडे नाही. बोटीला दोन्ही टोकांना फळी असेल तर सरळ चढून सरळ उतरता येतं. एकाच टोकाला असेल तर चढताना किंवा उतरताना रिव्हर्स घ्यावा लागतो. रिव्हर्स कच्चा असलेल्यांनी खलाशाला आधीच सांगावं, त्यात लाज नाही. अवजड ट्रक मधोमध घेतात आणि मोटारी कडेला लावतात. बोटीचा तोल त्यावर असतो, तेव्हा सावलीची जागा हवी म्हणून वाद घालू नका. लागली की हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा, आरसे मिटा.

दुचाकीला धोका जास्त. ओल्या लोखंडावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं, म्हणून फक्त मागचा. साइड स्टँडवर सोडून कठड्यापाशी फोटो काढायला जाऊ नये. बोट धक्क्याला लागताना बसणारा हिसका गाडी आडवी करायला पुरेसा असतो.

उधाणाच्या भरतीला उलटा त्रास. उताराचं खालचं टोक पाण्यात बुडतं आणि चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. अर्धा-पाऊण तास थांबलात तर पाणी उतरतं. घाईच असेल तर मुक्कामी पोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, विशेषतः ब्रेकच्या तबकड्या आणि सायलेन्सर.

चारांत दाभोळ सरस. वर्दळ मोठी, खाडी देखणी आणि दोन्ही बाजूंना बघण्यासारखं बरंच. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. 15व्या शतकात रशियाचा व्यापारी-प्रवासी अफनासी निकितिन इथूनच जहाजात बसून परतीला लागला. जुनी शाही मशीद धक्क्याजवळच आहे. पलीकडच्या तीरावर मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड. एन्‍रॉनमुळे गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प दाभोळात शोधू नका, तोही अंजनवेललाच आहे. आणि बोटीखालच्या पाण्यात थोडी कोयनाही असते. पोफळीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, म्हणून घाटापलीकडे कृष्णेला मिळायचं पाणी इथे अरबी समुद्राला मिळतं.

बागमांडला–वेसवी हरिहरेश्वरकरांच्या सोयीची. पलीकडे बाणकोटचा हिंमतगड, जो 18व्या शतकात इंग्रजांच्या हाती गेल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया झाला. वेसवीहून केळशी, आंजर्ले, हर्णै असा रस्ता समुद्राला चिकटून जातो. सुंदर आहे, पण अरुंद. समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा.

आगरदांडा–दिघी मुरूडहून दिवेआगर-श्रीवर्धनला जाणाऱ्यांसाठी. जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होड्या राजपुरीहून सुटतात, आगरदांड्याच्या धक्क्यावरून नाही. ही गफलत सर्रास होते.

तवसाळ–जयगड सगळ्यात निवांत. तवसाळच्या बाजूला हेदवी-वेळणेश्वर आणि झाडी, जयगडच्या बाजूला किल्ला, दीपगृह आणि कोळसा उतरवणारं आधुनिक बंदर. उतरल्यावर मालगुंड-गणपतीपुळे जवळ. पेट्रोल मात्र गुहागरलाच भरून घ्या, तवसाळच्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नये.

उणिवा आहेतच. सावली आणि स्वच्छतागृह यांची सोय सगळ्या धक्क्यांवर सारखी नाही. बायका-मुलं बरोबर असतील तर आधीच्या गावात थांबून घेणं शहाणपणाचं. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शिमगा-गणपतीत रांग सड्यापर्यंत चढते आणि दोन-तीन फेऱ्या हुकतात. तिकीट गाडीप्रमाणे वेगळं आणि माणशी वेगळं, सुटे पैसे जवळ असू द्या. रात्रीची शेवटची फेरी चुकली तर वळसा नशिबी, म्हणून शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या फेरीचा बेत करा.

पावसाळ्यात या सेवा सहसा चालू राहतात, कारण धक्के मुखाच्या आत, लाटांपासून आडोशाला आहेत. पण घाटात मुसळधार झाली की खाडी तांबडी होते, ओंडके वाहत येतात आणि तांडेल, म्हणजे बोटीचा चालक, बोट बांधून ठेवतो. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. चहा घ्या आणि पाण्याचा रंग बघत बसा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की दाभोळ ते धोपावे दोन मिनिटांचं होईल, आणि तिथीचा पाढा फक्त मासेमारीपुरता उरेल.