इलेक्ट्रिक गिटारचे किट आणि लातूरचा उन्हाळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागवलेले टेलिकास्टर पद्धतीचे गिटार किट जुलैअखेर पहिल्यांदा नीट सुरात वाजले. किटसोबत आलेल्या पत्रकात जोडणीला दोन दिवस पुरतात असे छापले होते. मला चार महिने लागले. त्यांतले पाच आठवडे लाकूड स्थिरावण्याची वाट पाहण्यात गेले, आणि ही वाट मी खोके उघडल्या दिवसापासूनच पाहिली असती, तर पुढचा बराच त्रास वाचला असता. लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा कोरड्या हवेच्या भागात राहून घरी इलेक्ट्रिक गिटार तयार करण्याचा विचार जे करत आहेत त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे, कारण या विषयावरच्या बहुतेक सूचना आपल्या उन्हाळ्याचा विचार न करता लिहिलेल्या असतात. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. अशी किटे अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांतला माल बराचसा सारखाच असतो.

पहिल्याच प्रयत्नासाठी टेलिकास्टरचा घाट निवडण्यामागे कारण होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लिओ फेंडर यांनी १९५० साली ही गिटार बाजारात आणली आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची बॉडी म्हणजे सुमारे ४५ मिलिमीटर जाडीची सपाट लाकडी फळी असते. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, त्या फळीला सरसाने न चिकटवता मागून चार स्क्रूंनी आवळलेला असतो, त्यामुळे काही चुकले तर स्क्रू काढून पुन्हा सुरुवात करता येते. घरी काम करणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही. माझ्या खोक्यात बासवुडची बॉडी, मेपलचा नेक, दोन पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारे भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग), सहा खुंट्या, स्विच, दोन पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या फिरक्या) आणि वायरी होत्या. बॉडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लाकूड हलके, एकसारखे आणि गाठी नसलेले होते आणि नेकची खाच इतकी चपखल कापलेली होती की फटीत व्हिजिटिंग कार्डही सरकत नव्हते.

किटच्या किमतीतला खरा वाटा नेकचा आहे आणि तो योग्यच आहे. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारच्या फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र खाचेत कायमच्या ठोकलेल्या असतात, म्हणून त्यांच्या जागा आधीच अचूक ठरवाव्या लागतात. तारेची कंपणारी लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागून पहिली फ्रेट नटपासून (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्यापासून) ३६.४ मिलिमीटरवर येते, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागून दुसरी येते, आणि असे करत गेले की बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर, पडते. वरच्या फ्रेटांवर मिलिमीटरभर चूक झाली तरी सूर हलतो. मी पोलादी पट्टीने बावीसच्या बावीस जागा मोजल्या आणि सगळ्या बिनचूक निघाल्या. घरी करवत घेऊन हे काम मला इतके चांगले जमले नसते.

अडचण अंतरात नव्हती, ती लाकडाच्या ओलीत होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४२ अंशांकडे गेला आणि एका संध्याकाळी नेकच्या कडेवरून हात फिरवताना तळवा खरवडला गेला. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण बोटाला करवतीच्या दात्यांसारखी टोके लागत होती. दमट हवेत तयार झालेला फ्रेटबोर्ड (नेकचा फ्रेट ठोकलेला दर्शनी भाग) इथल्या कोरड्या हवेत रुंदीला आकसतो आणि धातूच्या फ्रेट मात्र तेवढ्याच राहतात, म्हणून त्यांची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. मी लगेच कानस हातात घेतली होती. सुदैवाने त्याआधी नेक आमच्या गल्लीतल्या वयस्क सुतारांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यासमोर आडवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, “सर, या लाकडाला आपल्याकडची हवा मानवली नाही अजून. म्हैनाभर घरात पडू द्या त्येला, मग हात लावा.” मी तेव्हाच कानस चालवली असती, तर लाकूड पुढेही आकसत राहिले असते आणि तेच काम मे महिन्यात पुन्हा करावे लागले असते. नेक माळ्यावर न ठेवता आम्ही राहतो त्या खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर, पाच आठवडे आडवा ठेवला आणि मगच टोके घासली.

घासण्यापूर्वी फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावली आणि बारीक दातांची चपटी कानस कडेला समांतर धरून फक्त धातू उतरवला. फ्रेटांची उंचीही सगळीकडे सारखी नव्हती. नववी आणि चौदावी उंच असल्यामुळे तारा तिथे तंबोऱ्याला जव्हारी लावावी तशा झणझणत होत्या. तंबोऱ्याला तो झणत्कार शोभतो, गिटारमध्ये तो दोष ठरतो. फरशीच्या दुकानातून ग्रॅनाइटची दीड फुटी सरळ पट्टी आणली, तिला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, सगळ्या फ्रेटांचे माथे मार्करने काळे केले आणि प्रत्येक माथ्यावरची शाई सारखी निघेपर्यंत पट्टी लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवली. सपाट झालेल्या माथ्यांना पुन्हा गोलाई देण्यासाठी खास कानस मिळते, पण ती महाग असते. करवतीला धार लावण्याची तीनधारी कानस घेऊन तिच्या कडा गुळगुळीत केल्या की तेच काम होते, ही युक्ती त्याच सुतारांची. शेवटी कोरड्या पडलेल्या फ्रेटबोर्डला जवसाचे तेल अगदी पातळ लावून पुसून घेतले. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल इथे चालत नाही, कारण ते सुकत नाही आणि पुढे खवट होते. जवसाच्या तेलाचा बोळा मात्र गोळा करून टाकू नये, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवावा आणि मगच फेकावा.

आता माझी मुख्य तक्रार. ब्रिजसाठी कारखान्यातून पाडलेली भोके मध्यरेषेपासून तीन मिलिमीटर बाजूला होती. मी ती तपासली नव्हती आणि किटमधली भोके बरोबरच असणार असे गृहीत धरून ब्रिज बसवला होता. तारा चढवल्यावर सहावी तार फ्रेटबोर्डच्या इतकी कडेला आली की बोट दाबताच ती खाली घसरत होती. विक्रेत्याला फोटोंसह तीन वेळा कळवले. पहिल्या दोन्ही वेळा ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ एवढेच उत्तर आले, तिसऱ्या वेळी तेही आले नाही. बदली बॉडी मिळाली नाही आणि पैसेही परत आले नाहीत. पाच हजारांवरच्या वस्तूबाबत हे वागणे मला अजिबात मान्य नाही. ज्यांना ही गोष्ट टाळायची आहे त्यांनी खोके आल्याच्या दिवशीच नेक खाचेत नुसता बसवावा, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन दोरे ताणून ब्रिजच्या पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागेपर्यंत न्यावेत आणि दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर राहतात का ते पाहावे. दहा मिनिटांचे हे काम आहे आणि माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते करता येते. माझी मुदत संपली होती, म्हणून जुन्या भोकांत सागवानी गुल्ल्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, दोन दिवस सुकू दिल्या, पटाशीने सपाट केल्या आणि नवी भोके पाडली. जोड मजबूत झाला आहे आणि ब्रिजच्या पत्र्याखाली तो दिसतही नाही.

रंगकामासाठी मी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गेलो, आणि हा निर्णय परंपरेला धरूनच होता असे नंतर लक्षात आले. फेंडर कंपनीनेही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्या खास रंगांसाठी ड्यूपाँटचे मोटारींचे रंग वापरले होते आणि त्यांतल्या एका प्रकाराचे नाव ड्युको होते. आपल्याकडे गॅरेजात आजही गाडीच्या रंगाला सर्रास ड्युको म्हणतात. मोरपंखी रंगाचे तीन हात आणि वर लॅकरचे चार हात झाले. हे काम जूनच्या पहिल्या पावसाआधी उरकावे, कारण दमट हवेत लॅकर मारला की त्यात पांढुरकी झाक धरते. उन्हाळ्यात दुपारी धूळ बसते, म्हणून रंगाऱ्याने सकाळी सहा वाजता, जमिनीवर पाणी शिंपडून, फवारणी केली.

किटमधला सर्वांत कमकुवत भाग विजेच्या जोडणीचा आहे. पॉट फिरवताना खरखर येत होती आणि वायरी इतक्या बारीक होत्या की सोल्डरिंगच्या उष्णतेने त्यांचे प्लास्टिक मागे सरकत होते. या कामात लग्नाच्या वरातीतले इलेक्ट्रिक बँजो दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांची मोलाची मदत झाली. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, हे तत्त्व बँजोच्या पिकअपलाही लागू आहे आणि त्यांचा हात त्यावर बसलेला आहे. पॉटच्या पाठीवर टाका घालायला २५ वॅटची सोल्डरिंग पुरत नाही, ६० वॅटची घेऊन झटकन उष्णता द्यावी लागते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. सिंगल कॉइल, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेल्या, पिकअपला २५० किलोओहमचा पॉट लावतात. तो इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाला नाही, २२० चा मिळाला. पॉटच्या नेहमीच्या मोजमापातच वीस टक्क्यांपर्यंत मागेपुढे असते, त्यामुळे हा फरक चालतो आणि माझ्या कानाला तो जाणवलाही नाही. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा असतो. दुकानात तो ४७३ या आकड्याने मागावा.

सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतात. हा दोष घालवण्यासाठीच गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट कॉइलींचा हंबकर हा पिकअप तयार केला. दोन सिंगल कॉइल पिकअपांपैकी एक उलट गुंडाळलेला असेल, तर दोन्ही एकत्र चालू केल्यावरही गुणगुण मरते. या किटमध्ये दोन्ही एकाच दिशेने गुंडाळलेले आहेत, ही काटकसर उत्पादकाने करायला नको होती. मी आतल्या सगळ्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थशी जोडली. आवाज कमी झाला, पण गेला नाही आणि तारांना हात लावला की झिणझिण्या येत होत्या. तेव्हा वायरमनना बोलावले. त्यांनी मीटर लावला तर सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जागी जेमतेम १४० व्होल्ट दाखवत होते. दोष गिटारमध्ये नव्हताच. घराचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पूर्ण कोरडा पडला होता. खड्ड्यात मीठ, कोळसा भरून दोन दिवस पाणी सोडल्यावर मीटर २२५ वर आला, झिणझिण्या थांबल्या आणि गुणगुण इतकी उतरली की वाजवताना ऐकू येत नाही. आपल्या भागात मे महिन्यात इलेक्ट्रिक गिटार गुरगुरत असेल, तर पिकअप बदलण्याआधी अर्थिंग तपासावे. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण तारा थेट त्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि प्रश्न जिवाचा असतो.

नेकचा बाक ठरवायला मोटारसायकल मेकॅनिकचा टॅपेटचा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) उपयोगी पडला. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटपाशी ०.२५ मिलिमीटरची पात तारेला हलकासा स्पर्श करत जाते का ते पाहायचे. जास्त फट असेल तर नेकमधली ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) पाव फेरा आवळायची, एका वेळी त्याहून जास्त कधीच नाही. जुलैत पाऊस लागल्यावर बाक पुन्हा बदलला आणि आणखी पाव फेरा द्यावा लागला. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची आता दीड ते पावणेदोन मिलिमीटर आहे आणि कुठेही झणझण नाही.

किट ९,८०० रुपयांना पडले. रंगाला १,५००, पॉट, कपॅसिटर आणि तांब्याच्या पट्टीला ६२०, चांगल्या तारांना ६५० आणि सुतारांना ४०० मिळून एकूण १२,९७० रुपये झाले. एवढ्या पैशांत नव्या शिकणाऱ्याला तयार गिटार मिळते आणि ज्याला फक्त वाजवायचे आहे त्याने तीच घ्यावी. ज्याला वाद्य आतून समजून घ्यायचे आहे त्याला मी हे किट घ्यायला सांगेन, मात्र ते नेक आणि बॉडीसाठी. विजेचे सामान बदलावे लागणार हे हिशेबात धरूनच ऑर्डर द्यावी. पहिली तार मोकळी सोडून वाजवली की या गिटारचा आवाज लख्ख आणि भरीव येतो, आणि खर्ज वाजताना नेक माझ्या तळव्यात हलकासा थरथरतो. प्लास्टिकचा नट अजून तसाच आहे. तिसरी तार खेचली की त्याच्या खाचेत अडकून बेसूर होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिथे हाडाचा नट बसवणार आहे.