ऑफिसचं वायफाय, दहा महिन्यांनंतर: एक राउटर, दोन एपी आणि बरीच केबल

पुण्यात विमाननगरला २,२०० चौरस फुटांचं ऑफिस. माणसं २८, पण एका वेळी जोडलेली उपकरणं सत्तरच्या पुढे: लॅपटॉप, प्रत्येकाचा फोन, तीन प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, कॉन्फरन्स रूममधला टीव्ही. सामान असं: दोन इंटरनेट लाइन घेणारा वायफाय ६ चा एएक्स३००० राउटर, त्याच कंपनीचे सीलिंगला लावायचे दोन ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे) आणि आठ पोर्टांचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा). केबलिंगसकट खर्च ४० हजारांच्या आसपास. जूनमध्ये बसवलं, आता मार्च संपतोय. मत आधीच सांगायचं तर राउटर चांगला आहे. सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी त्याच्या नव्हत्याच.

खोक्यावरच्या ३००० या आकड्याला भुलू नका. २.४ गिगाहर्ट्झ या बँडचे (लहरींच्या पट्ट्याचे) ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २,४०२ एमबीपीएस मिळून जवळपास तेवढा होतो. एक लॅपटॉप दोन्ही बँडवर एकदम बसत नाही, आणि २,४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो. तीन रेडिओ (राउटर आणि दोन एपी) एकाच मजल्यावर असताना एवढी रुंदी वापरली तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. इथे ५ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ ठेवले आहेत. लॅपटॉपला कागदावर ५७४ ची जोडणी दिसते, प्रत्यक्षात जवळ बसून ३०० ते ३५० एमबीपीएस मिळतात. लाइनच ३०० ची आहे, त्यामुळे काही अडत नाही. २.४ वर २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६, ११ एवढेच, प्रत्येक रेडिओला एक. चॅनेल ३ किंवा ४ ‘मोकळा दिसतो’ म्हणून निवडू नका. तिथे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट पदरात पडतो.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ‘ऑटो’ ठेवला होता, तो महाग पडला. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून वापरायचे असतात. त्यावर जाताना राउटर किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो, आणि चालू असताना रडारसारखा संकेत कानावर आला तर चॅनेल सोडून देतो. पुढची ३० मिनिटं तिथे परतत नाही. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. संकेत खरा की भास, हे राउटर तपासत बसत नाही, आणि भर मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॉल एकदम अडखळतात. लॉगमध्ये ‘रडार डिटेक्टेड’ अशा नोंदी सापडल्यावर चॅनेल हाताने ३६, ४४ आणि १४९ असे वाटून दिले. तेव्हापासून हा त्रास नाही.

आता मुख्य गोष्ट, ट्रान्समिट पॉवरची. तीनही रेडिओ कारखान्यातून ‘हाय’ वर येतात. रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात, तरी आतल्या केबिनमध्ये कॉल तुटतो. एपी २३ डीबीएमने (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचं माप), म्हणजे सुमारे २०० मिलीवॅटने ओरडतो. फोनची ताकद त्याच्या पावपटही नसते. फोनला एपी ऐकू येतो, एपीला फोन ऐकू येत नाही. शिवाय कोणत्या एपीला चिकटायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. रिसेप्शनजवळ जोडलेला फोन खिशात घेऊन माणूस दुसऱ्या टोकाला गेला, तरी जुना एपी ‘बरा’ ऐकू येतोय म्हणून फोन त्यालाच धरून बसतो. पॉवर ५ गिगाहर्ट्झवर १७ आणि २.४ वर १२ डीबीएम केली, किमान डेटा रेट १२ एमबीपीएस केला (याहून मंद जोडणी एपी धरत नाही), ८०२.११के आणि व्ही (फोनला दुसरा एपी सुचवणाऱ्या सोयी) चालू केलं. कांड्या कमी झाल्या, कॉल तुटायचे थांबले. कमी कांड्या पाहून तक्रार येतेच, तेव्हा डीबीएम दाखवणारं ॲप उघडून दाखवावं: बसायच्या जागी उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा असेल तर कॉलला पुरतं. ८०२.११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय) मात्र बंदच ठेवलंय; एक प्रिंटर आणि एक जुना लॅपटॉप त्याने जोडलेच जाईनात.

जागेचा फरकही मोठा. जिप्समचं पार्टिशन फारसं अडवत नाही, विटांची भिंत बऱ्यापैकी अडवते, लिफ्टची आरसीसी भिंत आणि लोखंडी कपाटांची रांग जवळजवळ सगळंच गिळते. एपी फॉल्स सीलिंगच्या आत लपवला की वरच्या एसीच्या पत्र्याच्या डक्टमुळे त्याची निम्मी मेहनत वाया जाते. तो बाहेर, खाली तोंड करूनच लावायचा. पँट्रीत मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वर घसरण होते. त्यावर उपाय एकच, तिथली माणसं ५ वर असणं.

दोन्ही एपींना केबल ओढली आहे. ‘मेश आहे, केबलची गरज नाही’ असं दुकानदार सांगतो, पण एकच रेडिओ लॅपटॉपशीही बोलतो आणि राउटरशीही, म्हणजे वेग सरळ अर्धा. केबल कॅट ६, आणि ती शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल, म्हणजे सीसीए, बरीच स्वस्त मिळते. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांब अंतरावर पीओईचा व्होल्टेज पडतो आणि भार वाढला की एपी मधूनच रीस्टार्ट होतो. ओळखायला तार चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. पीओईचं ८०२.३एएफ मानक पोर्टवर १५.४ वॅट देतं, उपकरणापर्यंत १२.९५ हमखास पोहोचतात. एपीच्या माहितीपत्रकात याहून जास्त लिहिलं असेल तर ८०२.३एटी, म्हणजे ३० वॅटवाला स्विच घ्या. २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्यावर हे एपी चालत नाहीत.

इंटरनेटच्या बाजूला पहिला घोळ दुहेरी नॅटचा. फायबरवाल्याने दिलेला ओएनटी (फायबर जोडायचा डबा) स्वतःच राउटर असतो, त्यामागे आपला राउटर, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा. ब्राउझिंगला कळत नाही, बाहेरून व्हीपीएन जोडताना कळतं. ओएनटी ब्रिज मोडला (राउटर न होता नुसता दुवा) टाकायला सांगा, पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड मागून घ्या, ते आपल्या राउटरमध्ये भरा आणि एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा. कस्टमर केअरला ‘ब्रिज मोड’ म्हटलं की शांतता पसरते. लाइनमनला थेट सांगितलं तर दहा मिनिटांत होतं. बाहेरून आत यायचं असेल तर स्टॅटिक आयपीही (न बदलणारा पत्ता) घ्या, कारण बऱ्याच लाइनवर सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो.

दोन लाइन म्हणजे दुप्पट वेग, असं समजून सुरुवातीला लोड बॅलन्सिंग (दोन्ही लाइनवर काम वाटणं) चालू ठेवलं होतं. बँकेच्या साइटला एकाच सत्रात दोन वेगळे पत्ते दिसले की ती लॉगिन उडवते. अकाउंट्स विभाग दिवसभर ओटीपी टाकत बसला. आता नुसतं फेलओव्हर, म्हणजे एक लाइन पडली की दुसरी. तिथेही सापळा आहे: राउटर मुळात फक्त पोर्टवर लिंक आहे का ते बघतो. रस्त्यात खोदाई करताना फायबर तुटला तरी टेबलावरचा ओएनटी जिवंत, पोर्ट चालू, म्हणून राउटरच्या मते सगळं आलबेल. ‘ऑनलाइन डिटेक्शन’ मध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्यांना दर ५ सेकंदांनी पिंग (‘आहेस का’ अशी हाक) लावला, सलग ३ चुकले की लाइन बदलायची. चालू कॉल तरी तुटतो, पण अर्ध्या मिनिटात परत जोडता येतो. दुसरी लाइन फायबरची घेतली नाही, सिमवरची घेतली. दोन्ही कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून येत असतील तर तुटतानाही सोबतच तुटतात.

विजेचं गणित सोपं. ओएनटी, राउटर, स्विच आणि दोन एपी मिळून ५५ ते ६० वॅट. ६०० व्हीएचा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, पाऊण तास निघतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस राउटर आणि ओएनटीला चालेल, पीओई स्विचला नाही. इन्व्हर्टरवर सगळं टाकणार असाल तर तो ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा उठतो, आणि ते उठणं अडीच मिनिटांचं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

हजेरीचं मशीन आणि प्रिंटर फक्त २.४ ओळखतात आणि डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीला घाबरतात. त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क केलं, डब्ल्यूपीए२ वर, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरवर, पण इतरांपासून तोडलेलं नेटवर्क). प्रिंटरना डीएचसीपीत (राउटरमधली पत्ते वाटणारी सेवा) पत्ता राखून ठेवा आणि लॅपटॉपवर ते त्याच पत्त्याने बसवा; व्हीलॅन ओलांडून ‘आपोआप सापडण्या’च्या भरवशावर राहिलात तर सोमवारी कोणाचंच प्रिंट निघत नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कला लीज (पत्ता वापरायची मुदत) दोन तासांचं. फोन आता खऱ्या मॅक पत्त्याऐवजी (उपकरणाच्या ओळख क्रमांकाऐवजी) बनावट पत्ता देतात, त्यामुळे मॅक फिल्टर लावणं निरर्थक आहे, आणि लीज २४ तासांचं ठेवलं तर निघून गेलेली माणसंही पत्ते अडवून बसतात.

अपलोडला लगाम घालणं विसरू नका. बॅकअपने अपलोड भरून गेलं की सगळ्यांचे कॉल रोबोटसारखे ऐकू येतात. क्यूओएसमध्ये (वेग वाटून द्यायच्या सेटिंगमध्ये) लाइनच्या ९० टक्क्यांवर मर्यादा घातली, तक्रार संपली. मात्र क्यूओएस चालू केलं की हार्डवेअर ऑफलोड (खास चिपवर काम टाकणं) बंद होतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ३०० च्या लाइनला हा राउटर पुरतो, गिगाबिटला धापा टाकेल.

राउटरवर खरा राग आहे तो लॉगसाठी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. राउटरच्या मेमरीत चार दिवसही मावत नाहीत, आणि रीस्टार्ट केला की पाटी कोरी. सिसलॉग (या नोंदींचा प्रवाह) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर, पाठवावा लागला. ती सेटिंग मोबाइल ॲपमध्ये नाहीच, ब्राउझरमधूनच सापडते. फर्मवेअर आपोआप अपडेट होणं बंद करून ते शनिवारी संध्याकाळी हाताने करा, आणि त्याआधी कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून घ्या. दोनपैकी एका अपडेटने चॅनेल पुन्हा ‘ऑटो’ वर नेऊन ठेवले होते.